अर्जेंटिनात बीव्हरनं जंगल संपवलं, म्हणून इंग्लंडमध्येही संपवेल?

बीव्हर या प्राण्याविषयीचा एक मजकूर सध्या पुष्कळ फिरतो आहे. सोबत एक फोटो असतो : गुडघाभर पाण्यात उभी वठलेली, राखाडी पडलेली झाडं आणि मागे बर्फाचे डोंगर. मजकुराचा गाभा असा. अर्जेंटिनानं १९४६ साली वीस बीव्हर आणून सोडले, आज ते लाखभर झाले आणि जंगल संपलं. हे डोळ्यांसमोर असताना ब्रिटन आणि युरोपातले इतर देश निसर्ग पूर्ववत करण्याच्या नावाखाली तोच प्राणी आपल्या नद्यांत सोडतायत. ऑस्ट्रेलियानं ससे आणले, केन टोड नावाचे विषारी बेडूक आणले, काय झालं? चारशे वर्षांपूर्वी नाहीसा झालेला प्राणी आता तिथे परकाच. त्याला खाणारं कुणी उरलेलं नाही. तो मासे संपवतो, पूर आणतो, रोग आणतो. आणि एकदा सोडला की परत घेता येत नाही.

हे पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना निसर्गाची काळजी आहे, याबद्दल मला शंका नाही. परक्या जातींनी जगभर घातलेला धुमाकूळ खरा आहे. अर्जेंटिनाची हकीकतही बरीचशी खरी आहे. निव्वळ थाप असती तर उत्तर देत बसलो नसतो. पण एका बेटावर जे झालं ते का झालं, हे न बघता त्याचा दाखला दुसऱ्या खंडाला लावला जातोय. एकेक मुद्दा घेऊ. सगळे सारख्या वजनाचे नाहीत, तेव्हा काहींना दोन ओळी पुरतील.

‘अर्जेंटिनात काय झालं ते बघा’

बघूच. दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला टिएरा डेल फ्यूगो हे बेट आहे, काही भाग अर्जेंटिनाचा, काही चिलीचा. तिथे फरचा धंदा उभा राहावा म्हणून अर्जेंटिना सरकारनं १९४६ मध्ये कॅनडातून वीस बीव्हर मागवले आणि फान्यानो सरोवराच्या परिसरात मोकळे सोडले. धंदा कधी उभा राहिलाच नाही. बीव्हर मात्र पसरत गेले. १९६० च्या दशकात ते पोहत चिलीच्या नावारिनो बेटावर पोचले आणि १९९० च्या दशकात मॅगेलनची सामुद्रधुनी ओलांडून मुख्य भूमीवर, ब्रन्सविक द्वीपकल्पावर. त्यांच्या संख्येचे अंदाज सत्तर हजारांपासून एक लाखाच्या वरपर्यंत जातात. बेटावरचे बहुतेक सगळे ओढे त्यांनी व्यापले. २००८ मध्ये दोन्ही देशांनी त्यांच्या निर्मूलनाचा करार केला. अजून ते काम कुठल्या कुठे अडकलेलं आहे.

इथपर्यंत मजकुराशी माझं भांडण नाही. फोटोतली वठलेली झाडंही खरीच आहेत. प्रश्न असा, की ती झाडं परत का उगवली नाहीत?

बीव्हर हा मोठा, वीस-तीस किलो वजनाचा कुरतडणारा प्राणी. साली, पानं, कोवळ्या फांद्या आणि पाणवनस्पती खातो. शत्रूपासून बचाव म्हणून त्याच्या घराचं तोंड पाण्याखाली असावं लागतं. ओढा उथळ असेल तर तो झाडं पाडून, फांद्या आणि चिखल रचून बांध घालतो आणि पाणी चढवतो. झाड पाडणं आणि काठ बुडवणं ही त्याची दोन्ही कामं जगात सगळीकडे सारखीच असतात. त्यातून पुढे काय होणार, ते तिथलं झाड ठरवतं.

युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या नदीकाठांवर विलो, पॉप्लर, अॅस्पेन, आल्डर अशी झाडं असतात. विलो म्हणजे वाळुंजाच्याच कुळातला. ही झाडं बुंध्याशी तोडली की खालून झपाट्यानं धुमारे फुटतात, एकाच्या जागी दहा. तुटलेली फांदी ओल्या चिखलात पडली तरी मूळ धरते. अॅस्पेनची युक्ती याहून पुढची : तोडल्यानंतर येणाऱ्या कोवळ्या फुटव्यांत कडवट रसायनं जास्त असतात, त्यामुळे बीव्हर काही काळ त्यांच्या वाटेला जात नाही. लाखो वर्षं या झाडांनी बीव्हरचे दात सोसलेत, आणि त्यातून तग धरून राहिलेलीच आज नदीकाठी दिसतात. बीव्हरनं जागा सोडली, बांध फुटला, तळं आटलं, की त्या गाळावर पुन्हा झुडपं येतात, मग झाडं, आणि काही वर्षांनी पुन्हा एखादं बीव्हरचं कुटुंब.

टिएरा डेल फ्यूगोच्या जंगलातलं मुख्य झाड लेंगा. दक्षिण गोलार्धातल्या बीच वृक्षांच्या गटातलं. ते बीव्हरनं तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा उभं राहत नाही. त्याची नवी पिढी येते बियांतून, आणि ती रोपं मोठ्या झाडांच्या सावलीत, जंगलाच्या जमिनीवर वर्षानुवर्षं वाट बघत उभी असतात. बीव्हर येतो तेव्हा वरची सावली पाडतो आणि खालची जमीन बुडवतो. मोठं झाड गेलं, आणि त्याची वाट बघणारी रोपंही पाण्याखाली गेली. पुढे तळं आटलं तरी त्या जागी गवत आणि लव्हाळी माजतात. वीस-वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या तळ्यांच्या जागीही जंगल परतलेलं नाही. फोटोत दिसतं ते हे.

लेंगाच्या पूर्वजांनी बीव्हर कधी पाहिलाच नव्हता. दक्षिण अमेरिकेत बीव्हर हा प्राणी कधीच नव्हता. इंग्लंडमधल्या विलोच्या पूर्वजांनी तो हिमयुगांच्या आधीपासून पाहिलाय. अर्जेंटिनाचा दाखला इंग्लंडला लागू होत नाही तो या कारणानं. बाकीची कारणं दुय्यम आहेत.

त्यातलं एक मात्र नोंदवायला हवं, कारण मजकुरात ‘तोच प्राणी’ असं छातीठोकपणे म्हटलंय. तो प्राणी तोच नाही. बीव्हरच्या आज दोन जाती आहेत, कॅनडाचा आणि युरेशियाचा. दिसायला सख्खे भाऊ, पण कॅनडाच्या बीव्हरच्या पेशीत ४० गुणसूत्रं असतात आणि युरेशियाच्या ४८. दोघांची संकरित पिल्लं होत नाहीत. अर्जेंटिनात नेला तो कॅनडाचा. ब्रिटनमध्ये परत आणला तो युरेशियाचा. अर्थात, या फरकावर मी फार भिस्त ठेवणार नाही. युरेशियाचा बीव्हर टिएरा डेल फ्यूगोला नेला असता, तर लेंगाचं जंगल त्यानंही असंच बुडवलं असतं, असं मला वाटतं.

पण जात न बघता प्राणी सोडला की काय होतं, याचा धडा खुद्द युरोपात आहे आणि मजकूर लिहिणाऱ्याच्या तो कामी आला असता. फिनलंडमध्ये बीव्हर शिकारीनं संपल्यावर १९३० च्या दशकात नॉर्वेहून काही बीव्हर आणले. १९३७ मध्ये अमेरिकेहूनही सात आणले. दोन्ही एकच जात आहे अशी तेव्हाची समजूत होती. आज फिनलंडमधल्या बीव्हरांत कॅनडाच्या जातीचेच जास्त आहेत, आणि मूळच्या जातीला हक्काच्या नद्यांत वाटेकरी मिळालाय. परकी जात कशी शिरते याचं यापेक्षा चांगलं उदाहरण बीव्हरांत सापडणार नाही. तिथे जंगल पडलं नाही, म्हणून बहुधा त्याचा फोटो फिरत नाही.

‘ऑस्ट्रेलियाचे ससे आणि केन टोड’

१८५९ मध्ये व्हिक्टोरियातल्या एका जमीनदारानं शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून ससे मागवले. १९३५ मध्ये उसावरच्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करायला हवाईहून केन टोड आणले. भुंगेरे उसाच्या शेंड्यावर आणि त्यांच्या अळ्या जमिनीखाली, बेडूक मधल्या मध्ये, आणि त्याचं विष खाऊन मेले ते तिथले मांसाहारी प्राणी. दोन्ही भयंकर कथा. पण ससे किंवा केन टोड ऑस्ट्रेलियात पूर्वी होते आणि माणसानं संपवले होते, असं कुणीच म्हणत नाही. ही उदाहरणं इथे आणणं म्हणजे वेगळ्याच खटल्यातले साक्षीदार उभे करणं.

‘चारशे वर्षांनी तो परकाच’

हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, त्यामुळे जरा थांबतो.

११८८ मध्ये वेल्समधून फिरलेल्या जेराल्ड नावाच्या पाद्र्यानं टायवी नदीत बीव्हर असल्याचं लिहून ठेवलंय, आणि वेल्समध्ये ते आता तेवढ्याच एका नदीत उरलेत असंही. म्हणजे तेव्हाच ते दुर्मीळ झाले होते. सोळाव्या शतकाच्या सुमारास ते ब्रिटनमधून गेले. कारण गूढ नाही : फर, मांस, आणि शेपटीजवळच्या ग्रंथींतला कॅस्टोरियम नावाचा वासाचा स्राव, जो औषध आणि अत्तर म्हणून महाग विकला जाई. (उपवासाच्या दिवसांत बीव्हरची शेपटी मासा म्हणून खपवण्याची सोयही काही ठिकाणी होती. धर्माच्या आड प्राणी आला की प्राण्यालाच मासा करून टाकायचा.) युरोप आणि आशियात १९०० च्या आसपास आठेक ठिकाणी मिळून जेमतेम बाराशे बीव्हर उरले होते : फ्रान्समध्ये ऱ्होन नदी, जर्मनीत एल्ब, दक्षिण नॉर्वे, आणि पूर्वेकडे काही खोरी. आज युरेशियाच्या बीव्हरांची संख्या दहा लाखांच्या वर गेलीय. त्यात स्वतःहून पसरलेले आहेत, आणि माणसानं उचलून नेऊन सोडलेलेही. स्वीडननं हे १९२२ मध्येच केलं, नॉर्वेचे बीव्हर आणून. जर्मनीतल्या बव्हेरियानं १९६६ पासून. शंभर वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या गोष्टीला ‘नवा प्रयोग’ म्हणणं बरोबर नाही.

मग चारशे वर्षांत काय बदललं? विलोची फुटण्याची सवय गेलेली नाही. बीव्हरच्या तळ्यात अंडी घालणारे बेडूक, चतुर, त्या पाण्यावर जगणारं पाणमांजर, ते सगळं आहे तसंच आहे. जैविक उत्क्रांतीच्या हिशेबात चारशे वर्षं म्हणजे ओकच्या झाडाच्या एक-दोन पिढ्या. म्हणूनच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, अर्थात आययूसीएनच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन वेगळे खण आहेत : जिथे ती जात पूर्वी होती तिथे पुन्हा सोडणं, आणि जिथे कधीच नव्हती तिथे सोडणं. दुसऱ्याला निकष फार कडक आहेत. पहिल्यालाही आहेत, कारण मुळात नाहीशी का झाली ते कारण दूर झालंय का, आणि आजची जागा तिला पेलेल का, हे विचारावंच लागतं.

आणि इथे मजकुराच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करतो. झाडं तीच राहिली असली तरी नदीकाठ तोच राहिलेला नाही. नद्या सरळ केल्या गेल्या, पाणथळ जमिनी चर खणून कोरड्या केल्या, पुराच्या पट्ट्यात शेती, रस्ते आणि घरं आली. स्कॉटलंडमधल्या टे नदीच्या खोऱ्यात बीव्हर परवानगीशिवाय आले, कुंपणातून निसटलेले किंवा गुपचूप सोडलेले. ते खोरं म्हणजे स्कॉटलंडची उत्तम, सपाट शेतजमीन. बीव्हरनं चर अडवला की शेतात पाणी उभं राहतं. नदीच्या संरक्षक बांधाला त्यानं बीळ पाडलं तर बांध खचतो. २०१९ मध्ये तिथे बीव्हरला कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि त्याच वर्षी परवाने देऊन ८७ बीव्हर मारलेही गेले. पुढच्या वर्षी ११५. हे आकडे बीव्हरप्रेमी सहसा सांगत नाहीत, आणि मजकूर लिहिणाऱ्यालाही ते माहीत नसावेत, नाहीतर अर्जेंटिनापर्यंत जायची गरज पडली नसती. पुढे टीका झाली, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि मारण्याऐवजी पकडून दुसरीकडे सोडण्यावर भर आला. डिसेंबर २०२३ मध्ये केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानात सोडलेले बीव्हर हे टे खोऱ्यातूनच उचललेले होते.

मुळातला प्राणी म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरणही म्हणून मला पटत नाही. पश्चिम अलास्कात कॅनडाचा बीव्हर अलीकडे आपणहून उत्तरेच्या टुंड्रात शिरतो आहे. त्याला कुणी तिथे नेलेलं नाही. त्याच्या तळ्यांची संख्या वीसेक वर्षांत दुप्पट झाली, आणि तळ्याच्या पाण्यानं खालची कायम गोठलेली जमीन वितळते. तिथल्या मासेमारीवर जगणाऱ्या गावांना त्याची चिंता आहे.

‘खाणारं कुणी नाही, म्हणजे वाढतच जाणार’

लांडगा आणि अस्वल ब्रिटनमध्ये नाहीत, हे खरं. पण बीव्हर सशासारखा वाढत नाही. वर्षातून एकदाच वीण, दोन ते चार पिल्लं. पिल्लं दोनेक वर्षं आईबापांजवळ राहतात. एका कुटुंबाचा नदीचा एक ठरलेला पट्टा असतो, आणि हद्दीवर त्याच कॅस्टोरियमच्या वासाच्या ढिगाऱ्या करून तो राखला जातो. बाहेरचा बीव्हर आत आला की मारामारी होते, आणि त्या जखमांनी बीव्हर मरतातही. नदीची लांबी वाढत नाही, त्यामुळे जागा भरल्या की वाढ मंदावते. स्वीडनमध्ये हार्टमन या संशोधकानं दीर्घकाळच्या नोंदी तपासल्या तेव्हा एका प्रांतात बीव्हर परतल्यावर संख्या तीसेक वर्षं झपाट्यानं वाढली आणि मग चक्क उतरली, कारण चांगल्या जागा संपल्या, दुय्यम जागांवरचं खाणंही संपलं.

तरीही याचा अर्थ ‘निसर्ग आपोआप तोल सांभाळतो, काळजी नको’ असा काढू नये. ती मर्यादा नदी ठरवते; शेतकऱ्याला सोसवेल ती मर्यादा बऱ्याचदा त्याच्या खूप आधी येते. बव्हेरियात आज वीस हजारांहून जास्त बीव्हर आहेत. तिथे पगारी बीव्हर व्यवस्थापक आहेत, गावोगाव प्रशिक्षित सल्लागार आहेत, नुकसानभरपाईचा सरकारी निधी आहे, आणि दर वर्षी नको त्या जागचे बीव्हर पकडून काढलेही जातात, त्यातले बरेच मारले जातात. स्वीडनमध्ये १९७३ पासून शिकारीला परवानगी आहे. लांडग्याचं काम तिथे माणूस करतो. हे मान्य करूनच बीव्हर परत आणावा लागतो.

‘मासे संपवतो’

बीव्हर मासे खात नाही. शुद्ध शाकाहारी आहे. पाण्यात राहतो, तेव्हा मासेच खात असणार, असं धरून लिहिलेलं दिसतं.

मासेमाऱ्यांचा खरा आक्षेप वेगळा आहे : सॅमन आणि ट्राउट अंडी घालायला वरच्या ओढ्यांत जातात, त्यांची वाट बांधानं अडते का? पाऊस कमी झालेल्या शरदात अडू शकते. पाणी वाढलं की ते बांधाच्या कडेनं किंवा वरून जातात. उत्तर स्कॉटलंडमधल्या एका ओढ्यावर बीव्हरचा भाग आणि बिनबीव्हरचा भाग शेजारी शेजारी तपासले, तर बीव्हरच्या तळ्यांत मोठे ट्राउट जास्त मिळाले. सॅमनची संख्या आधीच घटलेल्या नद्यांत अंडी घालायच्या मोसमात एखादा बांध उघडावा लागेल, आणि तो उघडावा, यात मला वावगं वाटत नाही.

‘पूर आणतो’

आणतो. आणि अडवतोही. कुठे, यावर सगळं आहे.

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात २०११ साली बीव्हरची एक जोडी कुंपण घातलेल्या जागेत, एका लहान ओढ्यावर सोडली. काही वर्षांत त्यांनी तिथे १३ बांधांची माळ उभी केली. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजमाप केलं, तेव्हा त्या तळ्यांत १०० टनांहून जास्त गाळ अडलेला सापडला, आणि त्यातला बहुतेक वरच्या शेतांतून वाहून आलेला. जोराच्या पावसात खाली जाणाऱ्या पाण्याचा लोंढा बुटका झाला होता, म्हणजे तेवढंच पाणी जास्त वेळ घेऊन सावकाश उतरत होतं. त्याच परगण्यात ऑटर नदीवर मोकळ्या बीव्हरांच्या बांधांनी ईस्ट बडली या गावाकडे येणाऱ्या पुराचा कळस कमी केल्याचं दिसलं. त्याच नदीवर बांधाच्या वरच्या बाजूच्या काही जमिनींत पाणी शिरलंही. खालच्या गावाला फायदा, वरच्या शेतकऱ्याला तोटा. हे पाण्याच्या राजकारणात नवं नाही. फक्त इथे धरण बांधणाऱ्याला निवेदन देता येत नाही.

पाणी किती चढू द्यायचं यावर साधा उपाय आहे : बांधातून पाइप घालायचा, त्याचं तोंड जाळीच्या पिंजऱ्यात, बांधापासून दूर ठेवायचं. बीव्हर पाण्याच्या आवाजाच्या आणि ओढीच्या दिशेनं गळती शोधतो. दूरच्या तोंडाशी त्याला ती सापडत नाही. पातळी पाइपच्या उंचीवर थांबते. हे चालतं, पण पाइप साफ ठेवावा लागतो.

या मुद्द्यावर दुसऱ्या बाजूचा गाजलेला किस्सा २०२५ च्या सुरुवातीचा. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रडी भागात पाणथळ पूर्ववत करण्यासाठी बांध घालायची सरकारी योजना जागेच्या परवानग्यांपायी सात वर्षं रखडली होती. आठ बीव्हरांनी ते बांध फुकटात घातले आणि तीन कोटी चेक क्राउन वाचले. बातमी खरी आहे, आणि मलाही वाचताना हसू आलं. पण बीव्हरला योजना कळली नव्हती. जिथे बांध घालणं सोयीचं तिथे त्यानं घातला, आणि नशिबानं ती जागा तीच निघाली. पुढचा बांध तो रस्त्याखालच्या मोरीत घालू शकतो. अर्जेंटिनाचा फोटो फिरवणारे आणि ब्रडीची बातमी फिरवणारे, दोघंही एकाच जागेचा निकाल सगळ्या नद्यांना लावतात.

‘रोग आणतो’

हा मुद्दा मजकुरात एका शब्दात उरकलाय, आणि तोच खरा जास्त गंभीर होता. मध्य युरोपात कोल्ह्यांमध्ये एक फीतकृमी असतो, एकायनोकॉकस मल्टिलॉक्युलॅरिस. माणसाला तो झाला तर यकृत पोखरतो. ब्रिटनमध्ये तो नाही. बव्हेरियातून इंग्लंडमध्ये आणून बंदिस्त ठेवलेल्या एका बीव्हरमध्ये तो मेल्यावर हा कृमी सापडला होता. बीव्हरकडून थेट माणसाला तो होत नाही. मेलेला बीव्हर कोल्ह्यानं किंवा कुत्र्यानं खाल्ला, तर चक्र पुढे चालू होतं. म्हणूनच ऑटर नदीवर आपोआप उगवलेले बीव्हर २०१५ मध्ये आधी पकडले, कृमीसाठी आणि जातीसाठी तपासले, युरेशियाचेच आहेत याची खात्री केली आणि मगच परत सोडले. धोका होता, तपासणी झाली. गुपचूप सोडलेल्या बीव्हरची अशी तपासणी कुणीच करत नाही, आणि या बाबतीत मी मजकूर लिहिणाऱ्याच्या शेजारी उभा आहे.

‘एकदा सोडला की परत घेता येत नाही’

मला यातला सर्वांत वजनदार आक्षेप हा वाटतो, आणि त्याचं उत्तर साधं हो किंवा नाही असं देता येत नाही.

इंग्लंडनं एक मोठा पाणप्राणी समूळ काढून दाखवलाय. कोयपू, दक्षिण अमेरिकेचा, १९२९ मध्ये फरसाठी आणलेला, पुढे कुंपणातून सुटून पूर्व इंग्लंडच्या पाणथळींत हजारोंनी वाढलेला. १९८१ मध्ये मोहीम सुरू झाली. ठरल्या मुदतीत शेवटचा कोयपू काढलात तर पकडणाऱ्यांना घसघशीत बक्षीस, अशी अट घातली. नाहीतर स्वतःची नोकरी संपवायची घाई कुणाला असते? १९८९ मध्ये कोयपू संपल्याचं जाहीर झालं. बीव्हर कोयपूपेक्षा हळू वाढतो, आणि त्याचे बांध, पाडलेली झाडं लांबून दिसतात. हिशेबानं तो पकडायला सोपा.

पण स्पेनचा अनुभव उलटा आहे. २००३ मध्ये एब्रो नदीच्या खोऱ्यात कुणीतरी १८ बीव्हर बेकायदा सोडले. अधिकाऱ्यांनी ते काढायचं ठरवलं, अनेक वर्षं धरपकड केली, तरी ते पसरत राहिले. शेवटी मोहीम थांबली आणि बीव्हरला तिथे राहू द्यावं लागलं. ऑटर नदीवरही सरकारचा पहिला विचार बीव्हर पकडून हलवण्याचा होता. तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, पाच वर्षांचा प्रयोग झाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये ते राहतील असं ठरलं. पकडण्याचं तंत्र असतं, पण लोकांचा त्या प्राण्यावर जीव जडल्यावर ते वापरू कोण देणार? त्यामुळे ‘नाही जमलं तर परत काढू’ या आश्वासनावर विसंबून बीव्हर सोडायला माझा विरोध आहे. सोडायचा तर तो कायमचा आहे, असं धरून चालावं. अधिकृत मार्ग बंद असेल तर लोक रात्रीतून सोडतात हेही दिसलंय. ब्रिटनमध्ये त्याला ‘बीव्हर बॉम्बिंग’ असं नावच पडलंय.

इंग्लंडमध्ये बीव्हरला १ ऑक्टोबर २०२२ पासून कायद्याचं संरक्षण आहे. मोकळ्या नदीत सोडण्याला सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता दिली, आणि पुढच्याच महिन्यात डॉर्सेटमधल्या पर्बेक हीथ्स या माळरानावर परवान्यानिशी पहिले बीव्हर सोडले गेले. परवाना मागणाऱ्याला दहा वर्षांचा आराखडा द्यावा लागतो : आसपासच्या जमीनमालकांशी बोलणं, नुकसान कसं टाळणार, पाइप आणि जाळ्या कोण बसवणार. बीव्हर दहा वर्षं सहज जगतो, आणि त्याची नातवंडं तोवर पुढच्या दोन ओढ्यांवर गेलेली असतात. अकराव्या वर्षी चर तुंबला तर खर्च कोणाच्या माथी, हे तिथले शेतकरी विचारतायत, आणि बव्हेरियासारखा भरपाईचा निधी इंग्लंडमध्ये असावा अशी मागणी त्यातूनच येते. बीव्हरला विरोध करायचाच असेल तर या जागी करावा. इथे त्यांची बाजू भक्कम आहे.